केबल, कान आणि जवारी

गेल्या वर्षी एका गुणी सतारियाचा फोन आला. मुलगा विशीतला, आमच्याच गल्लीत वाढलेला. सतारीवर चिकटवलेल्या पिकअपपासून मिक्सरपर्यंत जाणारी नवी केबल त्याला घ्यायची होती. दुकानदाराने किंमत सांगितली होती पंचवीस हजार. ‘‘काका, खरंच फरक पडतो का? पडत असेल तर यंदा मिरजेला जवारीसाठी जात नाही. दोन्ही जमणार नाही.’’

या दुसऱ्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. त्याला फोनवर चार वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. माझं औपचारिक शिक्षण बारावीपाशी थांबलं. तारा, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे विषय मी जुन्या बाजारातली पुस्तकं आणि हाताला बसलेले शॉक यांतून शिकलो. तरीही पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः स्पीकरसाठी एक महागडी केबल घेतली आणि महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली. तंबोरा ‘मोकळा’ झाला, तबल्याची शाई ‘दिसायला’ लागली, असं मी छातीठोकपणे सांगत असे. मग एका रविवारी मुलीने मला पाठमोरं बसवलं आणि न सांगता केबली बदलत राहिली. नाणं उडवून जितकी उत्तरं बरोबर येतील, तितकीच माझी आली. मी खोटं बोलत नव्हतो. महिनाभर मला ते खरोखर ऐकू येत होतं. या विषयातली खरी अडचण तीच आहे.

हिशेब मात्र साधा आहे. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या, बाजारात कुठेही मिळते. तीन मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन सहा मीटर लागते आणि तिचा रोध होतो सुमारे 0.04 ओहम. समोर आठ ओहमचा स्पीकर. पातळीत पडणारा फरक डेसिबलच्या विसाव्या भागाएवढा. चांदीची तार तांब्याहून जेमतेम पाच-सहा टक्के सरस. तेवढ्यासाठी तांब्याची तार किंचित जाड घेतली की काम भागतं. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने 1983मध्ये स्पीकरच्या केबलींची आंधळी चाचणी छापली. फार बारीक तार नुसत्या खरखराटावर ओळखू आली. पण नावाजलेली जाड केबल आणि दिव्याची साधी जाड वायर यांतला फरक संगीत ऐकताना कुणाला खात्रीने सांगता आला नाही. 2007मध्ये जेम्स रँडी यांनी 7250 डॉलरची केबल कानाने ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. गाजावाजा खूप झाला, चाचणी झालीच नाही. केबलविरोधक हा किस्सा विजयासारखा सांगतात. मला ते पटत नाही; न झालेल्या परीक्षेत कुणी नापास होत नसतं.

शिवाय ‘सगळ्या केबली सारख्याच’ हेही खरं नाही, आणि आमच्यासारखे हिशेबी लोक इथे घसरतात. इलेक्ट्रिक गिटार घ्या. तिच्या चुंबकीय पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि केबल स्वतः एका छोट्या कपॅसिटरसारखी वागते, मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. दोघं मिळून एका विशिष्ट उंचीला आवाज फुलवतात आणि त्याच्यावरचा छाटतात. अडीच हेन्रीच्या पिकअपला तीन मीटर केबल लावली तर तो फुलोरा येतो 5000 हर्ट्झच्या आसपास. सहा मीटर लावली तर 3800च्या जवळ. हे डोळे मिटूनही ऐकू येतं. गिटारवाला ‘माझा आवाज बदलला’ म्हणतो तेव्हा त्याचं ऐकावं. फक्त हा फरक लांबीचा आणि घडणीचा आहे, किमतीचा नाही. कधी कधी स्वस्त, लांब केबलच त्याला हवा असलेला मऊपणा देते.

गायकाच्या माइकचं उलट. त्याचा इम्पीडन्स दीड-दोनशे ओहम, म्हणून शंभर मीटर केबल टाकली तरी छाटणी सुरू होते 80 हजार हर्ट्झच्या सुमारास. तिथे वटवाघूळ बसवलं तरच तक्रार येईल.

आता आमच्या सतारियाकडे येतो. त्याचा पिकअप पिएझो जातीचा. त्याला लांब केबल लावली तर आवाज थोडा लहान होतो, रंग फारसा बदलत नाही. पण तो सरळ मिक्सरच्या साध्या इनपुटमध्ये खुपसला की खर्ज गळतो आणि सतार पत्र्यासारखी वाजते. औषध केबल नव्हे. मध्ये उच्च इम्पीडन्सचा छोटा प्रीअँप लागतो. मांडवातल्या हमिंगचंही तसंच: बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ किंवा जॅकमधलं सुटलेलं सोल्डर. चांगला जॅक, घट्ट शील्ड, गुंडाळताना न मोडणारी तार यांसाठी हजार-दीड हजार रुपये जरूर द्यावेत. त्यापुढचे पैसे कशाचे, हे मला कुणी आजवर मोजून दाखवलेलं नाही.

‘सगळंच मोजता येत नाही,’ असं इथे हमखास ऐकवलं जातं. कबूल. पण मग जवारीकडे पाहा. सी. व्ही. रामन यांनी 1921मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिताना दाखवलं, की तार जिथे छेडल्यावर काही स्वरांश नाहीसे व्हायला हवेत तिथेही ते या वाद्यांत ऐकू येतात, आणि ही किमया घोडीच्या किंचित वाकलेल्या माथ्याची. तंबोऱ्याच्या घोडीवरचं सूत केसभर सरकवा. भिंतीपलीकडे बसलेला अडाणी माणूसही सांगेल की काहीतरी उघडलं किंवा मिटलं. मोजण्याची विद्या पोचायच्या कितीतरी आधी कारागिरांच्या कानाने हे पकडलं होतं. कान इतका तीक्ष्ण आहे म्हणूनच मला केबलवाल्यांचा युक्तिवाद लंगडा वाटतो. केसभर सुताचा फरक अंधारात कळतो, आणि पंचवीस हजारांचा फरक कळायला डब्यावरचं नाव दिसावं लागतं?

एक मुद्दा उरतो, आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. आपलं साहित्य उत्तम आहे या विश्वासाने वादक निर्धास्त बसत असेल, तर तो चांगला वाजवेलही. हा परिणाम खरा असू शकतो. माझं म्हणणं एवढंच, की तो हाताचा परिणाम आहे, तारेचा नाही. आणि त्याचे पैसे तारेच्या नावाने घेतले जातात.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी केबलच घेतली. डिसेंबरात त्याची बैठक ऐकायला गेलो. निळ्या जाळीची, बोटाएवढी जाड केबल गालिच्यावरून दिमाखात गेली होती. त्याने यमनची आलापी मांडली, हात सुरेख चालला होता. पण तारांनी घोडीत खाचा पाडल्या होत्या. पहिल्याच षड्जाला बाज करकरला.