अय्यमपेट्टैचा चंद्रन कुणाला हसवतो?

'तिल्लू मुल्लू' या १९८१ सालच्या तमिळ चित्रपटात नोकरीच्या मुलाखतीला आलेला नायक साहेबांना आपलं नाव सांगतो: अय्यमपेट्टै अरिवुडैनंबी कलियपेरुमाळ चंद्रन. नाव संपता संपत नाही आणि साहेब प्रत्येक टप्प्यावर अधिकाधिक विरघळत जातात. तमिळ प्रेक्षकांत हे नाव एका दमात म्हणून दाखवणारे आजही भेटतात. अय्यमपेट्टै हे तंजावूरहून कुंभकोणमला जाताना लागणारं गाव. कलियपेरुमाळ हे कावेरीच्या पट्ट्यातलं अगदी नेहमीचं नाव. मुलाखतीच्या खोलीत ते असं अघळपघळ मांडी घालून बसतं, तेव्हा त्या मुलखातल्या माणसाला पहिल्या शब्दालाच हसू फुटतं. बाहेरचा माणूस विचारतो, नाव सांगितलं, यात हसायचं काय?

हा प्रसंग 'गोलमाल'वरून घेतलेला. १९७९ च्या त्या हिंदी चित्रपटात अमोल पालेकर रामप्रसाद दशरथप्रसाद शर्मा होतात. तिथली गंमत रामायणाची, म्हणून ती देशभर कुठेही पोचते. हृषीकेश मुखर्जींचा विनोद तसाच आहे. सोफ्यावर बसवलेला, पाहुण्यांना चालणारा. ती गोष्ट तमिळमध्ये आणताना के. बालचंदर यांनी साचा तसाच ठेवला आणि नावाला गाव चिकटवलं. बालचंदर हे जुन्या तंजावूर जिल्ह्यातल्या नन्निलम भागात १९३० साली जन्मलेले. त्यांनी अय्यमपेट्टैच निवडावं यात नवल नाही. नवल असेल तर याचं की ते नाव ज्याच्या तोंडी घातलं तो रजनीकांत घरी मराठी बोलणारा, बंगळुरूत वाढलेला शिवाजीराव गायकवाड. म्हणजे एकच भूमिका, हिंदीत मराठी नट, तमिळमध्येही जन्मानं मराठी नट, आणि दोन्हीकडे मराठीपणाचा मागमूस नाही.

विनोदी चित्रपट काढणाऱ्या काही दिग्दर्शकांवर लोक जीव ओवाळून टाकतात आणि त्यांच्याच चित्रपटांसमोर दुसरे कोरडे बसून राहतात, याचं उत्तर बहुतेक समीक्षक अभिरुचीत शोधतात. एकाची रुची उंच, दुसऱ्याची सवंग. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. विनोदात दोन गोष्टी असतात. एक घोटाळा: वेषांतर, जुळे भाऊ, खोटं नाव, चुकीच्या खोलीत शिरलेला माणूस. दुसरा ठेका: कोण कसं बोलतो, कुठे अडखळतो, कोणता शब्द दुसऱ्यांदा उच्चारतो. घोटाळा कुठल्याही भाषेत नेता येतो. ठेका नेता येत नाही, तो तिथे नव्यानं बसवावा लागतो. जे दिग्दर्शक घोटाळ्यावर भिस्त ठेवतात ते सगळ्यांना थोडं थोडं आवडतात. जे ठेक्यावर भिस्त ठेवतात त्यांना भक्त मिळतात, आणि भक्तांच्या शेजारी बसलेली चकित माणसंही.

याचा चांगला पुरावा मराठीतच आहे. महेश कोठारे यांचा पहिला चित्रपट 'धूमधडाका' (१९८५) हा श्रीधर यांच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ चित्रपटाचा नातू. मधली पिढी 'प्यार किये जा' (१९६६), तीही श्रीधर यांचीच. मूळ तमिळमध्ये चित्रपट काढण्याच्या वेडानं पछाडलेला नागेश, 'ओहो प्रॉडक्शन्स'चा मालक, बापाला एक भयकथा ऐकवतो. बाप म्हणजे टी. एस. बालैया. कथा अशी काही नसतेच. दाराचा आवाज, पावलांचा आवाज, मध्येच थांबणं, डोळे वटारणं. नागेश जितका रंगतो तितका बालैया खुर्चीत आक्रसत जातो. तो प्रसंग अर्धा नागेशचा आणि अर्धा बालैयाच्या चेहऱ्याचा आहे. हिंदीत तो महमूद आणि ओमप्रकाश यांच्याकडे गेला, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर यांच्याकडे. तीन भाषांत तीनदा जमला, कारण घाबरणाऱ्या माणसाचा चेहरा सगळीकडे सारखाच.

पण 'धूमधडाका' म्हटलं की मराठी माणसाला आधी आठवतं ते हे नाही. त्याला आठवतो श्रीमंत म्हाताऱ्याच्या सोंगातला अशोक सराफ, आणि पाईप ओढताना लागलेल्या ठसक्यातून निघालेलं ते 'व्याख्या विख्खी वुख्खू'. तमिळमध्ये हे सोंग मुत्तुरामन यांनी नेटकं, सरळ वठवलं होतं. मराठीत त्याला खोकला जडला आणि सगळ्या चित्रपटाचा तोल त्या खोकल्याकडे झुकला. त्याला काही अर्थ नाही. तो भाषांतरित होणार नाही, कारण भाषांतर करायला त्यात काही नाहीच. त्याची पुनरावृत्ती हीच त्याची गंमत. तिसऱ्यांदा येणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक तो यायच्या आधीच हसायला लागतो. (खोकल्याचं आणि विनोदाचं काय नातं असावं? बालचंदर यांच्या 'एदिर नीच्चल'मध्ये, १९६८ साली, एक खोकणारे आजोबा आहेत. ते शेवटपर्यंत दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात, आणि त्यांच्यावर प्रेम करणारी माणसं तमिळनाडूत अजून आहेत.)

'अशी ही बनवाबनवी'चं तेच. १९८८ चा हा सचिन पिळगावकर यांचा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वर बेतलेला. घोटाळा तोच: घर हवं, बायको नाही, मग मित्रांपैकी दोघांनी साडी नेसायची. हिंदी चित्रपट आज कुणाच्या फारसा स्मरणात नाही. मराठी चित्रपटातला धनंजय माने मात्र घरोघरी नातेवाईक होऊन बसला आहे, आणि औषधाच्या सत्तर रुपयांचा विषय निघाला तर पुढचं वाक्य कुणाला सांगावं लागत नाही. हे पटकथेचं यश नाही, लिहिणाऱ्याच्या कानाचं यश आहे.

तो कान वसंत सबनीसांचा. इथे मराठी रसिकतेची एक गंमत उघडी पडते. सबनीसांनीच 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं, ज्यातून दादा कोंडके उभे राहिले. सबनीसांनीच 'सोंगाड्या' (१९७१) लिहिला. जी मंडळी 'बनवाबनवी' तोंडपाठ म्हणतात आणि दादांचं नाव निघताच ओठ आवळून बसतात, ती दोन्ही ठिकाणी एकाच लेखणीला दाद देत असतात किंवा नाकारत असतात. दादरच्या कोहिनूर थिएटरनं 'सोंगाड्या'ला जागा नाकारली आणि शिवसेनेनं आंदोलन करून ती मिळवून दिली, ही कथा राजकारणाच्या अंगानं पुष्कळदा सांगितली गेली आहे. विनोदाच्या अंगानं तिचा अर्थ असा की अडचण भाषेची नव्हतीच. मराठी सगळ्यांना येत होती.

दादांसमोर गोंधळलेल्या माणसाची जात वेगळी आहे. अय्यमपेट्टैवर न हसणाऱ्याला काही कळलेलं नसतं. दादांवर न हसणाऱ्याला सगळं कळलेलं असतं. द्वयर्थी वाक्याचा दुसरा अर्थ पडद्यावर कुणी बोलतच नाही, तो ऐकणारा आपल्या डोक्यातून काढून जोडतो. म्हणजे तो कळल्याशिवाय नाक मुरडताच येत नाही. दादांचा नायक ढगळ अर्ध्या चड्डीत, नाडी लोंबकळत, भाबड्या चेहऱ्यानं उभा राहतो आणि घाण विचार तुमच्याच मनात आला असं सिद्ध करून मोकळा होतो. गावच्या जत्रेतला तमाशा पाहिलेल्या प्रेक्षकाला ही युक्ती जुनी. सोंगाड्या मावशीशी असंच बोलतो हे त्याला लहानपणापासून माहीत. शहरी प्रेक्षकाला ती अंगावर येते, कारण शेजारच्या खुर्चीवर घरचं माणूस बसलेलं असतं. दादांचे नंतरचे चित्रपट मला स्वतःला पुनरुक्तीनं थकलेले वाटतात. 'पांडू हवालदार'मधली (१९७५) चपळाई ऐंशीच्या दशकात उरली नव्हती आणि हिंदीत ते गेले तेव्हा शीर्षकंच काय ती खणखणीत राहिली. पण थकलेला विनोद आणि हलका विनोद या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

आता तंजावूरकडे वळू, कारण मराठी माणसाच्या विनोदाचा, तो कुणाला हसवतो या प्रश्नाशी, पहिला सामना पुण्यात किंवा सांगलीत झाला नाही, तिथे झाला. विष्णुदास भावे यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ चं. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी तंजावूरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) नाटकं लिहीत होते: मराठीत, तेलुगूत, तमिळमध्ये, संस्कृतात. त्यांचं 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे पहिल्या मराठी नाटकाच्या चर्चेत हमखास येतं. 'पंचभाषाविलास'मध्ये पाच भाषा एका रंगमंचावर येतात आणि नायिका आपापल्या भाषेत बोलतात. असं नाटक लिहायला पाच भाषा येणारा राजा लागतो हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाच भाषा कानावर पडलेला प्रेक्षक लागतो. तो त्या दरबारात होता. राजा मराठा, दरबारी कवितेची भाषा आधीच्या नायक राजांच्या काळापासून चालत आलेली तेलुगू, बाजार तमिळ, पंडित संस्कृत, आणि उत्तरेकडून येणाऱ्यांची हिंदुस्तानी.

शहाजीराजांच्या नावावरचं 'सतीदानशूरमु' हे तेलुगू प्रहसन तर आजही वाचताना अवघडायला लावतं. देवळाच्या उत्सवाला आलेला एक ब्राह्मण, नाव मोरोभट्ट, अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका स्त्रीवर भाळतो. शिष्य त्याला शास्त्र सांगत राहतो, गुरू शास्त्रानंच ते उडवत राहतो, ती बाई दोघांहून शहाणी निघते, आणि शेवटी तिचा नवरा बायकोचं दान करून शीर्षकातला शूर ठरतो. मोरोभट्ट हे नाव बघा. तेलुगू नाटकात हे अस्सल मराठी भटजीचं नाव. मराठा राजा तेलुगूतून मराठी भटाला हसतो आहे आणि पुढ्यात बसलेल्यांना ते नाव कुठून आलं हे नेमकं माहीत आहे. अय्यमपेट्टैचा कलियपेरुमाळ आणि हा मोरोभट्ट यांच्यात सुमारे पावणेतीनशे वर्षांचं अंतर आहे, पण युक्ती एकच: नाव उच्चारायचं आणि थांबायचं.

तो प्रेक्षक विरला आणि नाटकं पोरकी झाली. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांची हस्तलिखितं आहेत, काही छापलीही गेली. पण महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या मराठीतला दाक्षिणात्य ठेका परका वाटतो, तंजावूरच्या तमिळ माणसाला मराठी वाचता येत नाही, आणि तंजावूरच्या मराठी घरांतली मुलं तमिळ विनोदी नट वडिवेलूवर वाढलेली. धनंजय माने त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. तंजावूरचेच नंतरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या 'देवेंद्र कुरवंजी'त तर भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते, देशामागून देश. पाठ्यपुस्तक म्हणून ते रुक्ष आहे. पण डोंगरातली टोपलीवाली बाई युरोपचे देश मोजून दाखवते आहे असं डोळ्यांसमोर आणलं तर त्यातला मिश्कीलपणा दिसतो. आपले अभ्यासक बहुधा तो भूगोलच तपासत बसतात.

तंजावूरजवळच्या मेलट्टूरला मात्र दर वर्षी नरसिंह जयंतीला तेलुगू भागवत मेळा होतो, तमिळ प्रेक्षकांसमोर. नाटकाआधी कोणंगी येतो, उंच टोपीतला विदूषक, आणि नाचून जातो. त्याला भाषेची गरज पडत नाही. प्रह्लादाच्या नाटकातला शब्द न् शब्द कळणारे आज थोडे असतील, कोणंगी सगळ्यांना कळतो. पण मेळ्याचे खरे भक्त कोणंगीसाठी येत नाहीत. ते हिरण्यकशिपूच्या ज्या पदाची वर्षभर वाट पाहतात त्यासाठी येतात. सगळ्यांना कळणारं एक असतं, ओढ लावणारं दुसरं.

तमिळ चित्रपटानं यावर एक व्यावहारिक तोडगा काढला होता: विनोदाचा वेगळा ट्रॅक, त्याचा वेगळा लेखक. गंगै अमरन यांचा 'करगाट्टक्कारन' (१९८९) घ्या. त्याची गोष्ट 'तिल्लाना मोहनांबाळ'च्या (१९६८) वळणावर बेतलेली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती गौंडमणी आणि सेंदिल यांची केळी. दोन केळी आणायला पाठवलेला सेंदिल एकच आणतो, आणि दुसरं कुठे विचारलं की हेच ते दुसरं म्हणून हातातलं पुढे करतो. ए. वीरप्पन यांनी लिहिलेल्या या ट्रॅकची चित्रपटाला गरज नाही आणि ट्रॅकला चित्रपटाची. टीव्हीच्या विनोदी वाहिन्यांनी असे तुकडे कापून दिवसरात्र दाखवले आणि तमिळ माणसाची निष्ठा दिग्दर्शकाकडून नटाकडे गेली. २०१९ च्या मे महिन्यात 'फ्रेंड्स' (२००१) मधल्या वडिवेलूच्या कंत्राटदार नेसमणीच्या डोक्यात हातोडा पडल्याची 'बातमी' जगभर ट्रेंड झाली. चेन्नईतल्यांनी प्रार्थना केल्या, बाकीचे विचारत बसले की हा गृहस्थ कोण.

मराठीत ट्रॅकची पद्धत नाही, त्यामुळे आपल्याकडे निष्ठा अजून थोडीफार दिग्दर्शकाला मिळते. परेश मोकाशींच्या 'वाळवी'वर (२०२३) थिएटरातून बाहेर पडताना एकाच रांगेतली माणसं दोन बाजूंना गेलेली मी पाहिली. मोकाशींचा विनोद चेहरा न हलवता बोलणाऱ्यांचा, ठेका धीमा, आणि टाळीसाठी जागा सोडत नाही. लक्ष्या-अशोकच्या जमान्यात घडलेला कान तिथे टाळीची वाट पाहत राहतो.

'पंचभाषाविलास' पुन्हा रंगमंचावर आणावं असं कधी कुणाच्या मनात आलं, तर ते काम पुण्या-मुंबईच्या प्रायोगिक मंडळींकडे जाऊ नये. ते संहितेला फार मान देतील. ते चेन्नईच्या एखाद्या ट्रॅक लिहिणाऱ्याला द्यावं, सोबत तंजावुरी मराठी घरातली एक आजी आणि तेलुगू बोलणारा एक नट. शहाजीराजांच्या संहितेतल्या कुठल्या ओळीवर किती थांबायचं, हे त्या तिघांच्या भांडणातून लवकर ठरेल.