वाफ, शाळा आणि चोरलेली जात

शाळेचे दिवस आणि वाफेच्या इंजिनावरील पहिली नोकरी यांच्या आठवणी हा इंग्लंडमध्ये चांगलाच रुळलेला लेखनप्रकार आहे. त्याचा कथनसाचा ठरलेला असतो. शाळा सुटते, मुलगा इंजिनशेडमध्ये क्लीनर म्हणून लागतो, पुढे फायरमन होतो आणि अखेर ड्रायव्हर. बढतीची शिडी हेच तेथे कथानक असते आणि वाफ इतिहासजमा झाल्यामुळे त्याला हुरहूर लाभते. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी 'लोखंडी रस्त्या'चे वर्णन मराठीत पुस्तकरूपाने दिले. असे असूनही त्या धर्तीचे स्मरणलेखन मराठीत ठळकपणे उभे राहिले नाही. मराठी लेखकाला यंत्राविषयी औत्सुक्य नाही, असे उत्तर यावर सहज सुचते. पण ते अपुरे आहे. प्रश्न औत्सुक्याचा नसून शिडीचा आहे. जिच्या पायऱ्या सलग आहेत अशा आयुष्यालाच हा साचा मानवतो.

रायगडचा किनारा या दृष्टीने विचारार्ह आहे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात १९०७ पासून नेरळ-माथेरानची छोटी गाडी वाफेवर चढत होती; परंतु खाडीकाठच्या गावांना रेल्वे नव्हती. तेथे वाफ आली ती पाण्यावरून. मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. या किनाऱ्याच्या सामूहिक स्मृतीतील वाफेचे सर्वांत ठसठशीत चित्र हेच आहे. रोह्यापर्यंत रूळ १९८६ मध्ये आले, महाडजवळच्या वीरपर्यंत १९९३ मध्ये. तोवर वाफेचे युग सरत आले होते. येथल्या मुलाला इंजिन भेटले ते मुंबईच्या कारखान्यांत, कामाला लागल्यावर. 'खलाशी' हा एकच शब्द किनाऱ्यावर गलबतावरच्या माणसाला आणि रेल्वेत हरकाम्या मजुराला लावला जातो. हे स्थलांतर भाषेने नोंदवले. साहित्याने ते क्वचितच नोंदवले.

या पार्श्वभूमीवर सावित्रीच्या खाडीवरील दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३-१९७२) यांचे आत्मकथन वाचावे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या उभारणीत आणि पुढे कम्युनिस्ट कामगार चळवळीत मोरे यांचा वाटा मोठा होता. आत्मकथन अपुरे राहिले. पुढचे चरित्र त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिले व २००३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील शाळा ही स्मृतिरंजनाची जागा नाही. शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला जातो. तो ही हकिगत वर्तमानपत्राला कळवतो आणि मग दार उघडते. अन्यत्र शाळेत गेल्यावर लिहिणे येते. येथे लिहिता येते म्हणून शाळेत जाता येते. शिडीची पहिलीच पायरी उलटी बसवलेली आहे.

दुसरी संहिता बाबूराव बागुल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (संग्रह १९६३). नायक निवेदकाला गुजरातेत रेल्वेची नोकरी लागते. पगार आहे, काम आहे. राहायला खोली मात्र जात सांगितल्यास मिळणार नाही. तो जात लपवतो, एका सवर्ण सहकाऱ्याच्या घरी राहतो, कवी म्हणून वाखाणला जातो. भेद उघड होताच मार खातो. काशिनाथ सकपाळ हा जात न लपवणारा दुसरा कामगार त्याला सोडवतो. येथे 'चोरणे' या क्रियापदाकडे लक्ष द्यायला हवे. मराठीत चोरणे म्हणजे दुसऱ्याचे उचलणे, तसेच आपलेच आखडून धरणे. 'अंग चोरणे' हा प्रयोग दुसऱ्या अर्थाचा. निवेदक आपलीच वस्तू आखडून धरतो. समाज त्याला पहिल्या अर्थाने चोर ठरवतो. कथेचा सारा संघर्ष या दोन अर्थांमधला आहे. शिवाय शीर्षक हे 'जेव्हा'ने सुरू होणारे गौण वाक्य आहे. त्याचे मुख्य वाक्य म्हणजे संपूर्ण कथा.

एक आत्मकथन आणि दुसरी कल्पित कथा, मग तुलना कशी, असा आक्षेप येईल. येथे या संहिता घटनांचा पुरावा म्हणून तपासलेल्या नाहीत. साचा कोठे मोडतो, एवढेच पाहिले आहे. याच मोडीचे तिसरे रूप डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणात दिसते. १९०१ मध्ये नीटनेटके कपडे घातलेली शाळकरी मुले मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तर दचकून मागे सरतो. गाडीने मुलांना तिकिटावर आणले होते. फलाटावर तिकीट पुरले नाही. तिन्ही ठिकाणी यंत्र माणसामाणसांत भेद करीत नाही. भेद यंत्राभोवतीची वस्ती करते.

म्हणून स्मृतिरंजन आणि स्मरण यांत फरक करणे आवश्यक ठरते. स्मृतिरंजनाला गेलेली वस्तू परत हवी असते. ज्याला त्या वस्तूबरोबर अपमानही परत मिळेल, तो तसे मागू शकत नाही. तो स्मरण करतो, आणि स्मरणात हिशेब असतो. इंजिनाच्या शिट्टीची हुरहूर खोटी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ती कोणाला परवडते, हा प्रश्न समीक्षेने विचारायचा आहे. आत्मचरित्राच्या आपल्या अभ्यासक्रमांत शाळेची प्रकरणे आवडीने शिकवली जातात. पहिल्या नोकरीची प्रकरणे 'सामाजिक आशय' या शीर्षकाखाली उरकली जातात. मोरे आणि बागुल यांना एकत्र वाचले की ही विभागणी टिकत नाही. शाळेच्या दारात थांबवला गेलेला मुलगा आणि खोलीसाठी जात चोरणारा रेल्वे कामगार हे एकाच कथानकाचे दोन अध्याय आहेत. मराठी आत्मकथनाचे रूपविवेचन करताना ते सलग वाचावे लागतील.