फर्माईशीची चित्रे

फर्माईशीवर कला होत नाही, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. मला ते पटत नाही. विजया मुळे यांचा ‘एक, अनेक और एकता’ (१९७४) हा हलत्या चित्रांचा छोटा बोधपट फिल्म्स डिव्हिजनने काढला. चित्रे भीमसैन यांची. त्यातला एकीचा उपदेश पटतो, कारण पाखरे जाळ्यासकट उडताना दिसतात.

उद्या परभणीच्या कृषी विद्यापीठाला बोंडअळीवर असा बोधपट हवा झाला, तर चित्रकाराच्या हाती नुसती सूचनांची यादी देऊन भागणार नाही. सेकंदाला २४ चौकटी लागतात. रेखाटनानंतर मजकूर बदलणे म्हणजे उभ्या पिकात नांगर घालणे. अळी काय करते, शेतकरी काय करतो, हे दोघांनी आधीच कच्च्या चित्रांतून ठरवावे. मागणाऱ्याने सत्य सांभाळावे, चित्रकाराने गती. मागाहून घुसडलेले एक वाक्यही सारी गंमत घालवते.