‘कोणत्याही दोन व्यक्ती’ : विवाहसमतेच्या निर्णयाचा भाषिक विचार

साहित्यकृतीच्या समीक्षेत शब्दार्थाची जी चिकित्सा अवश्य मानली जाते, ती न्यायनिर्णयांच्या वाट्यास क्वचितच येते. वस्तुतः न्यायनिर्णय हाही एक ग्रंथच होय, आणि त्यातील अर्थनिश्चितीवर माणसांचे संसार अवलंबून असतात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ ह्या प्रकरणी दिलेला निर्णय ह्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार आहे किंवा नाही, हा त्यातील वादविषय. परंतु त्या वादाचा पुष्कळसा भाग ‘पुरुष’, ‘स्त्री’, ‘पती’, ‘पत्नी’ आणि ‘व्यक्ती’ ह्या पाच शब्दांभोवती फिरतो. निर्णयाच्या घटनात्मक बाजूची चर्चा विधिज्ञांनी विपुल केली आहे. त्यातील अर्थमीमांसेची परीक्षा भाषाभ्यासकाने करावयास हवी.

ह्या वादास एक पूर्वपीठिका आहे. २०१४ साली न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या लिंगओळखीस मान्यता दिली आणि २०१८ साली दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना वगळले. त्याच्या कितीतरी आधी, मुंबईत २००८ पासून व पुण्यात २०११ पासून, ह्या समाजाच्या अभिमानयात्रा निघू लागल्या होत्या. ‘अभिमान’ हा शब्द येथे विशेष लक्षणीय आहे. सांख्यांच्या परिभाषेत अभिमान हे अहंकाराचे लक्षण होय, आणि संतांच्या भाषेत तो टाकून देण्याचा दोष आहे. तोच शब्द ह्या यात्रांत लज्जेच्या विरुद्धार्थी उभा राहिला. शब्दाचा अर्थ त्याच्या प्रतियोगी शब्दाने कसा पालटतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. परंतु स्वतःस नाव देणे ही अर्धीच वाट झाली. ते नाव दुसऱ्याच्या नावाशी जोडून दप्तरात नोंदविले जाणे, ही उरलेली अर्धी वाट. आणि तेथेच न्यायालयापुढील प्रश्न उद्भवला.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे चौथे कलम ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’मधील विवाहाच्या उल्लेखाने सुरू होते. अर्जदारांच्या युक्तिवादाला ह्या शब्दसमुच्चयाचा मोठा आधार होता. परंतु त्याच कलमातील वयाची अट पुरुषास २१ वर्षे व स्त्रीस १८ वर्षे अशी घातलेली आहे. निषिद्ध नात्यांची अनुसूचीही पुरुषासाठी एक व स्त्रीसाठी एक अशा दोन भागांत विभागलेली आहे. म्हणजे कलमाचा आरंभ व्यापक, पण त्याच्या अटी द्विलिंगी, अशी ही रचना आहे. ‘पती’ व ‘पत्नी’ ह्यांच्या जागी ‘जोडीदार’ असा लिंगनिरपेक्ष शब्द वाचावा, अशी अर्जदारांची मागणी होती. पाचही न्यायाधीशांनी ती अमान्य केली. न्या. रवींद्र भट ह्यांनी बहुमताच्या बाजूने लिहिताना मुख्यतः दोन कारणे दिली आहेत : एक, भिन्नधर्मीय स्त्रीपुरुषांच्या विवाहाची सोय करणे एवढाच १९५४ च्या विधिमंडळाचा हेतू होता, आणि दोन, शब्द लिंगनिरपेक्ष वाचल्यास स्त्रियांच्या रक्षणासाठी केलेल्या तरतुदी ढिल्या पडतील.

ह्यांपैकी दुसरे कारण वजनदार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. ‘पत्नी’ हा शब्द ह्या कायद्यात एकटा उभा नाही. पोटगी, घटस्फोटाची केवळ पत्नीस उपलब्ध असलेली कारणे, वयाचा फरक ह्या सर्वांशी तो बांधलेला आहे. एक टाका उसवला म्हणजे शेजारची शिवणही सैल होते. न्यायालयाने नकळत का होईना, भाषेच्या व्यवस्थारूपाचे हे भान ठेवले आहे, आणि अर्जदारांच्या बाजूने लिहिणाऱ्या कित्येकांनी ते पुरेसे ठेवलेले नाही.

पहिल्या कारणाची स्थिती मात्र तशी नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या मूळ प्रयोजकाच्या हेतूशी कायमचा खिळलेला असतो, असे त्यात गृहीत धरले आहे. हे गृहीत खुद्द निर्णयच पाळत नाही. भिन्नलिंगी नात्यातील तृतीयपंथी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखालीच विवाह करता येतो, असे पाचही न्यायाधीशांनी एकमुखाने म्हटले आहे. तत्पूर्वी २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ ह्या शब्दात पारलिंगी स्त्रीचा समावेश होतो, असा निर्वाळा दिला होता. १९५४ किंवा १९५५ च्या विधिमंडळाच्या मनात हा अर्थ होता, असे कोण म्हणेल? म्हणजे ‘स्त्री’ हा शब्द विस्तारता येतो, हे न्यायालयास मान्य आहे. अमान्य आहे ते ‘पती-पत्नी’ ह्या जोडीची घडण बदलणे. हा भेद कदाचित समर्थनीय असेल. पण त्याचे समर्थन विधिमंडळाच्या हेतूने होऊ शकत नाही, आणि दुसरे समर्थन निर्णयात समाधानकारक रीतीने आलेले नाही.

ह्याच कायद्याचे बारावे कलम भाषाभ्यासकास अधिक उद्बोधक वाटेल. विवाह-अधिकारी व तीन साक्षीदार ह्यांच्यासमक्ष, उभयतांस समजेल अशा कोणत्याही भाषेत, प्रत्येक पक्षाने दुसऱ्यास ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी (किंवा पती) म्हणून स्वीकारतो’ ह्या आशयाचे वाक्य म्हटल्यावाचून विवाह पूर्ण व बंधनकारक होत नाही. उच्चार हीच कृती असणाऱ्या वाक्यांचे विवेचन करताना ऑस्टिनने पहिले उदाहरण विवाहविधीतूनच घेतले होते, ते योग्यच होते.

हे वाक्य मराठीत उच्चारून पाहावे. त्यात लिंगाच्या खुणा दोन ठिकाणी उमटतात : ‘माझा-माझी’ हे विशेषण ‘पती-पत्नी’ ह्या नामाशी जुळते, आणि ‘स्वीकारतो-स्वीकारते’ हे क्रियापद बोलणाराशी जुळते. ह्या दोन जुळण्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत. म्हणून ‘माझा पती म्हणून स्वीकारतो’ आणि ‘माझी पत्नी म्हणून स्वीकारते’ ही वाक्येही व्याकरणदृष्ट्या तितकीच शुद्ध ठरतात. चारही वाक्ये घडू शकतात. त्यांतील दोनच कायद्याने कृती म्हणून मान्य होतात. पुढे विधी आटोपल्यावर तीच गोष्ट भूतकाळात सांगितली, तर ‘मी तुला स्वीकारले’ असा भावे प्रयोग होतो, आणि क्रियापदाच्या नपुंसकलिंगी रूपात दोघांच्याही लिंगाचा मागमूस राहत नाही. ह्यावरून व्याकरणाने कायदा ठरवावा, असे अर्थातच निष्पन्न होत नाही. परंतु विरुद्धलिंगी जोडी ही विवाहाच्या संकल्पनेत स्वभावतःच अंतर्भूत आहे, हा जो दावा केला जातो, त्याला निदान भाषेची साक्ष मिळत नाही, एवढे निश्चित.

व्युत्पत्तीचा आधार घेणाऱ्यांनीही सावध राहावे. ‘विवाह’ म्हणजे वधूस वाहून नेणे. ‘लग्न’ म्हणजे नुसते जडलेले. पहिल्या शब्दावरून एक पक्ष जिंकेल, तर दुसऱ्यावरून दुसरा. ह्या शब्दांचा अर्थ वेळोवेळी व्यवहारानेच ठरविला आहे. सत्यशोधक समाजाने १८७३ साली पुरोहितावाचून लग्ने लावण्यास आरंभ केला, तेव्हा अशा लग्नाच्या वैधतेवरच आक्षेप घेतला गेला. १९५५ नंतर हिंदू विवाहाच्या अर्थातून बहुपत्नीकत्व गेले आणि घटस्फोट त्यात आला. शब्द तेच राहिले; त्यांतील माणसांचे परस्परसंबंध बदलले.

इतर देशांच्या विधिभाषेकडे पाहिल्यास दोन भिन्न मार्ग दिसतात. २४ मे २०१९ पासून तैवानमध्ये समलिंगी विवाहांची नोंदणी सुरू झाली. पण आदल्या वर्षीच्या सार्वमताचा कौल विरुद्ध गेल्यामुळे तेथील कायद्याच्या शीर्षकात ‘विवाह’ हा शब्द टाळण्यात आला, आणि न्यायालयाच्या ७४८ क्रमांकाच्या निर्वचनाची अंमलबजावणी करणारा कायदा एवढेच नाव त्यास मिळाले. वस्तू दिली आणि नाव आखडते घेतले, असा हा प्रकार. थायलंडने नेमका उलट मार्ग धरला. २३ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तेथील विवाहविषयक कलमांतील ‘पुरुष’ व ‘स्त्री’ ह्यांच्या जागी ‘व्यक्ती’, आणि ‘पती’ व ‘पत्नी’ ह्यांच्या जागी ‘जोडीदार’ हे शब्द घातले. ‘पिता’ व ‘माता’ हे शब्द मात्र तसेच राहिले. शब्दांची संपूर्ण वीण उकलून पुन्हा विणता येते, परंतु ते काम विधिमंडळाने केल्यास सुकर होते, हा त्यातला बोध आहे. भारतीय न्यायालयाची अडचण खरी होती, हे त्यावरून दिसते. तसेच ती अडचण अधिकारक्षेत्राची होती, अर्थाची नव्हती, हेही दिसते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ह्यांचे निकालपत्र ह्या स्पष्टतेच्या बरेच जवळ जाते. विवाहसंस्था अचल नाही, असे सांगून कायद्याचे पुनर्लेखन मात्र ते संसदेकडे सोपवितात. बहुमताने हाच नकार अर्थाच्या नावाने दिला, आणि त्यामुळे जे शब्द लवचिक होते ते ताठ असल्याचा आभास निर्माण झाला.

नागरी सहजीवनास मान्यता द्यावी, हे मतही तीन विरुद्ध दोन असे फेटाळले गेले. ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचाराचे अर्जही निकालात निघाले. दरम्यान ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाने अशा जोडप्यांना संयुक्त बँकखाते उघडण्यास व एकमेकांस नामनिर्देशित करण्यास मज्जाव नसल्याचे स्पष्ट केले. ही सोय उपयुक्त आहे. परंतु खाते संयुक्त झाले तरी नाते निनावीच राहिले. रुग्णालयाच्या अर्जात ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. वीस वर्षे एकत्र संसार केलेल्या माणसास त्यात ‘मित्र’ असे लिहावे लागते, आणि शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी कधीकाळी घराबाहेर घालविणाऱ्या भावास बोलावणे धाडले जाते. त्या रकान्यात लिहावयाचा शब्द मराठीत केव्हाचाच आहे. त्या शब्दाला बळ देण्याचे काम आता संसदेकडे आहे.