आंबटाची धार

पेल्यात ओतल्यावर आधी रंग पाहावा. नाशिकच्या सुला वायनरीच्या सोव्हिन्यॉन ब्लां या पांढऱ्या वाइनचा रंग अगदी फिका. पेला तिरपा धरला की कडेला हिरवट-पिवळी झाक दिसते. मग वास. पहिल्या श्वासातच नुकतीच चिरलेली ढोबळी मिरची येते, तिच्यामागून ओलं गवत आणि पेला जरा फिरवला की कैरीची साल. मिरचीचा भास मनाचा नाही. पायराझिन नावाच्या ज्या द्रव्यांमुळे ढोबळी मिरचीला तो हिरवा वास येतो, तीच या द्राक्षातही असतात. पहिला घोट जिभेच्या दोन्ही कडांना चटका देतो, गालांच्या आत पाणी सुटतं आणि गिळल्यावर तोंड कोरडं, स्वच्छ होतं. साखरेचा मागमूस नाही. अगदी शेवटी मिरीसारखी तिखटाची पुसट चाहूल, आणि मग परत तो आंबटपणा.

या वाइनचा सगळा जीव त्या आंबटपणात आहे आणि त्याला फार पैसे पडत नाहीत. महागड्या वाइनमध्ये आपण ओकच्या पिंपांचे, तळघरात मुरवलेल्या वर्षांचे, परदेशी असेल तर आयात शुल्काचेही पैसे मोजतो. तरतरीत पांढऱ्या वाइनला यातलं काहीच लागत नाही. द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडायची, रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून सावकाश आंबवायचा आणि ताजेपणा उडून जाण्याआधी बाटलीत भरायचा. म्हणूनच या जातीच्या वाइनमध्ये दुप्पट किमतीच्या बाटलीत दुप्पट आनंद असेलच असं नाही.

हे महाराष्ट्रात जमलं ते छाटणीच्या गणितामुळे. युरोपात द्राक्षं उन्हाळ्याच्या अखेरीस तोडतात. आपल्याकडे पावसाळा सरताना फळछाटणी होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. घड पिकतो तो थंडीच्या रात्रींत. रात्री उबदार असतील तर द्राक्षातलं मॅलिक आम्ल भराभर जळतं, गार असतील तर टिकतं. हा हिशेब ओळखून राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वेली लावल्या आणि 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. त्यात सोव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या जाती होत्या. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकभोवती वायनरी वाढत गेल्या.

आता लातूर-नांदेडकडे येतो. मराठवाड्याच्या जिभेला पांढरी वाइन परकी वाटेल असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूरच्या शिवारात जो भज्जी-उंड्यांसोबत आंबील पितो, त्याला गार आंबट घोटाची किंमत कोणी शिकवायला नको. आंबिलीतल्या ताकाचा आंबटपणा ज्वारीच्या पिठाचा जडपणा जसा कापतो, तसंच काम या वाइनमधलं आम्ल तळलेल्या माशाच्या तेलावर करतं. शिवाय चिंचेला आंबट करणारं टार्टारिक आम्ल हेच द्राक्षाचंही मुख्य आम्ल. चिंचेच्या सारावर वाढलेल्या नांदेडकराला ही चव अनोळखी नाही.

सोबत काय घ्यावं? हुरड्याचा हंगाम असेल तर दुसरं काही शोधू नये. भाजलेल्या कोवळ्या ज्वारीत जो हिरवा गोडवा असतो, त्याच्याशी सोव्हिन्यॉनचा हिरवा वास सहज जुळतो. गोदावरीतला मासा रवा लावून तळलेला असेल, वर लिंबू पिळलेलं असेल, तर फारच उत्तम. पण लाल तर्रीच्या मटणासमोर ही वाइन मांडू नका. अल्कोहोलनं तिखटाची आग वाढते आणि कोरड्या वाइनमध्ये ती विझवायला गोडवा नसतो. तिथं सुलाचीच शेनिन ब्लां बरी. तिच्यात पेरू आणि नाशपातीचा वास आहे, किंचित गोडवा आहे, त्यामुळे मिरची सोसवते. मात्र ती तरतरीत कोरडी वाइन नव्हे, आणि लेबल न वाचता उचलणाऱ्याची हमखास तिथंच फसगत होते.

लातूरकरांना जवळची वायनरी नाशिकची नाही, अकलूजची आहे. बार्शी-कुर्डुवाडी-टेंभुर्णी वाटेनं गेलं की माळशिरस तालुक्यात फ्रातेलीचे मळे लागतात. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांतल्या भावांनी ती उभी केली. वाइन घडवण्याचं काम टस्कनीच्या पिएरो मासी यांनी हाती घेतलं. सोलापूरच्या उन्हात पांढरी वाइन धार धरेल का, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. त्यांची सोव्हिन्यॉन ब्लां चाखली की ती फिटते. नाशिकच्या मानानं मिरची कमी, लिंबूवर्गीय फळांचा वास जास्त, पण आंबटपणा सरळ आणि चोख. आपल्याच कोरडवाहू पट्ट्याच्या शेजारची ही वाइन आहे, याचं मला अप्रूप वाटतं.

अशा पांढऱ्या वाइनचा खरा शत्रू आहे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बाटली दुकानात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, धूळ खात उभी असते. फ्रिजमधली जागा बिअरची. अशी बाटली काही महिन्यांत शिजल्यासारखी होते: रंग गडद सोनेरी, वास उकडलेल्या सफरचंदाचा, धार गेलेली. म्हणून घेताना किमतीआधी लेबलावरचं साल बघा. चालू किंवा मागच्या हंगामाची घ्या. त्याहून जुनी असेल तर सवलत कितीही असो, सोडून द्या. बुचापेक्षा फिरकीचं झाकण पसंत करा, त्यात हवा फारशी शिरत नाही. लेबलावर ‘ड्राय’ लिहिलंय का पाहा. घरी थंड करायला वेळ नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली अर्धा तास बुडवा. आणि एकट्या-दुकट्यासाठी 375 मिलिलिटरची अर्धी बाटली मागा, कारण उघडलेली वाइन दोन-तीन दिवसांत उतरते.

नांदेडच्या काय किंवा लातूरच्या काय, दुकानदाराला मागणी दिसली तरच तो पांढऱ्या वाइनच्या चार बाटल्या फ्रिजमध्ये ठेवेल. पुढच्या वेळी जाल तेव्हा साल विचारा, थंड बाटलीच मागा, आणि मिळाली नाही तर तसं सांगूनच परत फिरा.