उपकरणांच्या आज्ञाभाषेचे व्याकरण

इलेक्ट्रॉनिक मापन-उपकरणांस संगणकाकरवी आज्ञा देण्यासाठी 'स्किपी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी भाषा १९९० साली प्रमाणित झाली. तिच्याविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी अभियंत्यांनी. वस्तुतः या प्रमाणाची पोथी हा एक व्याकरणग्रंथच आहे, आणि तशी त्याची परीक्षा करणे भाषाभ्यासकाच्या अधिकाराबाहेरचे नाही. प्रयोगशाळेतील संगणक रात्रभर जी वाचने टिपतो त्यांवर प्रबंध उभे राहतात. ती वाचने कोणत्या वाक्याच्या उत्तरादाखल आली हे ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पूर्वस्थिती थोडक्यात अशी. १९७५ च्या आयईईई ४८८ या प्रमाणाने तारा, २४ पिनांची जोडणी आणि संदेशांच्या देवघेवीची शिस्त ठरवून दिली. शब्द ठरविले नाहीत. परिणामी प्रत्येक उपकरणाची बोली निराळी झाली. ह्यूलेट-पॅकार्डच्या ३४७८ए या मल्टिमीटरला डी. सी. व्होल्टेज मोजावयास सांगताना 'एफ १' एवढेच म्हणावे लागे. ही खूण होती, शब्द नव्हे. १९८७ च्या आयईईई ४८८.२ ने वाक्यरचनेचे नियम घातले आणि स्किपीने त्यांवर शब्दसंग्रह उभा केला.

या व्याकरणातील लाघव पाणिनीच्या अभ्यासकास परके वाटणार नाही. प्रत्येक शब्दाला दीर्घ आणि संक्षिप्त अशी दोनच रूपे आहेत. संक्षेप पहिल्या चार अक्षरांचा. चौथे अक्षर स्वर असल्यास तीनच अक्षरांचा. म्हणून 'मेझर'चे एम-ई-ए-एस होते, परंतु 'पॉवर'चे पी-ओ-डब्ल्यू. मधले कोणतेही रूप अशुद्ध. याहून लक्षणीय आहे ती अनुवृत्ती. 'सोर्स:व्होल्टेज ५;करंट १' या आज्ञेत अर्धविरामानंतरच्या 'करंट'ला मागील 'सोर्स' आपोआप लागू होते, आणि आरंभी अपूर्णविराम घातला की अनुवृत्ती तुटते. ताराचिन्हाने सुरू होणारी सामान्य आज्ञा मध्ये आली तरी ती अबाधित राहते. मंडूकप्लुतीची आठवण येथे सहज व्हावी. अष्टाध्यायीत अनुवृत्ती कोठवर चालते हे पुष्कळदा टीकाकारांकडून समजून घ्यावे लागते. येथे ते एका विरामचिन्हाने कळते. या बाबतीत अभियंत्यांची सरशी मान्य केली पाहिजे.

परंतु हा काटेकोरपणा सर्वत्र टिकलेला नाही. या भाषेत लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद नाही. त्यामुळे एककांपूर्वीचे 'एम' म्हणजे मिलि, तर मेगासाठी 'एमए' असा नियम करावा लागला. मेगाहर्ट्झ व मेगओहम ही रूपे मात्र इतकी रूढ होती की त्यांना अपवाद म्हणून जागा दिली गेली. तेव्हा एखाद्याने मिलिओहम लिहावयाच्या हेतूने एम-ओहम लिहिले, तर उपकरण त्याचा अर्थ मेगओहम घेते. अंतर १०० कोटी पटीचे! रूढीपुढे नियम वाकतो हे आपणांस नवे नाही. पण नैसर्गिक भाषेत ऐकणारा संदर्भावरून चूक सावरून घेतो, येथे ती सोय नाही.

खरा आक्षेप अर्थाविषयी आहे. कोणती कळ दाबावी हे न सांगता काय मोजावयाचे ते सांगावे, ही स्किपीची मूळ कल्पना स्तुत्य आहे. एकच प्रश्न व्होल्टमीटरला आणि ऑसिलोस्कोपलाही विचारता यावा. त्यासाठी क्रियापदांची एक उतरंड रचली आहे. 'मेझर' म्हणजे 'कॉन्फिगर' अधिक 'रीड'; 'रीड' म्हणजे 'इनिशिएट' अधिक 'फेच'; आणि 'फेच' नवे मोजमाप न घेता झालेलेच आणून देते. आता ३४४०१ए या मल्टिमीटरवर कोणी वीजपुरवठ्याच्या १०० चक्रांचा, म्हणजे ५० हर्ट्झला २ सेकंदांचा, समाकलनकाल ठरविला आणि पुढे 'मेझर?' असे विचारले, तर त्या क्रियापदातील 'कॉन्फिगर' हा गर्भित अंश ती मांडणी पुसून पूर्वनियोजित मूल्य आणतो. वाक्य शुद्ध, उत्तरही आले, दोषसंदेश नाही; तरी हवे होते ते मोजमाप हे नव्हे. 'रीड?' म्हटले असते तर मांडणी राहिली असती. क्रियापदाचा हा गर्भितार्थ त्याच्या रूपावरून कळत नाही.

दोषांविषयीचे मौन हाही याच जातीचा प्रश्न. अपरिचित शब्द आल्यास उपकरण उणे ११३ हा क्रमांक आपल्या रांगेत ठेवून गप्प बसते, 'सिस्टिम:एरर?' असे विचारल्याशिवाय बोलत नाही. आधी बजावून ठेवल्यास ते हात वर करू शकते हे खरे, पण बजावतो कोण? संभाषणातील पाळी चुकविण्याला मात्र या व्याकरणाने नेमकी नावे दिली आहेत: उत्तर घेण्याआधी पुन्हा बोलणे हा उणे ४१०, प्रश्न न विचारता उत्तराची वाट पाहणे हा उणे ४२०. संभाषणाच्या अभ्यासकांनी हेवा करावा असे हे वर्गीकरण आहे.

प्रबंधांत उपकरणाचे नाव देण्याची प्रथा आहे. आज्ञांचा पाठ परिशिष्टात क्वचितच आढळतो. तो असावा, आणि त्यासोबत '*आयडीएन?' या प्रश्नाचे संपूर्ण उत्तरही. त्यात उत्पादक, प्रतिमान, अनुक्रमांक व फर्मवेअरची आवृत्ती असे चार भाग येतात. चौथा भाग लोक गाळतात. वस्तुतः ती आज्ञा त्या दिवशी कोणत्या अर्थाने ऐकली गेली हे ठरविण्यास तोच उपयोगी पडतो.