सेल्कुप भाषेतील व्यंजनसंयोग आणि पदान्त विकल्प : एक परीक्षण

१

सेल्कुप ही उरली भाषाकुलाच्या सामोयेदी शाखेतील भाषा होय. पश्चिम सायबेरियात ओब आणि येनिसेई या महानद्यांच्या दरम्यानचा अरण्यमय व दलदलीचा प्रदेश हे तिचे क्षेत्र. ताझ, तिम, केत अशा नद्यांच्या खोऱ्यांवरून तिच्या बोली ओळखल्या जातात. सतराव्या शतकात सेल्कुपांचा एक भाग मूळ वसतिस्थान सोडून उत्तरेस ताझ व तुरुखान यांच्या खोऱ्यांत गेला. तेव्हापासून उत्तरेकडील व दक्षिणेकडील बोली एकमेकींपासून दुरावत गेल्या. इतक्या, की 'सेल्कुप भाषेचा नियम' असे एकवचनी विधान करताना अभ्यासकाने दोनदा विचार करावा.

या भाषेच्या अभ्यासाची साधने संख्येने थोडी, परंतु मोलाची आहेत. फिन्लंडचे भाषापंडित मातियास अलेक्सान्तेरि कास्त्रेन यांनी १८४५ ते १८४९ या काळात सायबेरियात हिंडून साहित्य गोळा केले. १८५२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आन्तोन शीफ्नर यांनी त्यांचे सामोयेदी भाषांचे व्याकरण १८५४ मध्ये प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये ग्रिगोरोव्स्की यांची दाक्षिणात्य बोलीतील पहिली पुस्तके कझान येथे छापली गेली. १९३५ मध्ये प्रोकोफ्येव यांचे सेल्कुप व्याकरण निघाले; ते ताझ बोलीवर आधारलेले आहे. पुढे १९८० मध्ये कुझ्नेत्सोवा, खेलिम्स्की आणि ग्रुश्किना यांचा ताझ बोलीवरील ग्रंथ मॉस्को विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आज सामान्य भाषाशास्त्रात सेल्कुपविषयी जे काही उद्धृत केले जाते, त्याचा फार मोठा भाग या अखेरच्या ग्रंथातून आलेला असतो. प्रस्तुत लेखात या परंपरेतील एकाच प्रश्नाचे परीक्षण करावयाचे आहे : ज्या नियमाला 'वैकल्पिक' म्हटले जाते, तो नियम या नावास कितपत पात्र आहे?

लिप्यंतराविषयी दोन शब्द. जिभेचे मूळ पडजिभेकडे नेऊन उच्चारल्या जाणाऱ्या अघोष स्पर्शासाठी येथे 'क़' हे चिन्ह वापरले आहे. ओठ गोल करून उच्चारल्या जाणाऱ्या अग्रस्वरांना देवनागरीत चिन्ह नाही; ते जवळच्या स्वरचिन्हाने दाखविले आहेत व जेथे महत्त्वाचे आहे तेथे तसे सांगितले आहे.

२

प्रथम संयोगांचा विचार करू. ताझ बोलीत शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने एकत्र येत नाहीत. शब्दाच्या मध्यभागी मात्र संयोग विपुल आहेत. संख्यावाचक शब्दच पाहावेत. 'उक्किर' (एक), 'शित्ति' (दोन) यांत द्वित्त आहे. 'सोम्पिला' (पाच) यात अनुनासिक व सवर्ण स्पर्श यांचा संयोग आहे. 'मुक्तित्' (सहा) यात दोन भिन्नस्थानीय स्पर्श एकत्र आले आहेत.

हे शब्द भगिनीभाषांतील शब्दांशेजारी ठेवले, की त्यांचे मोल कळते. 'सहा' या अर्थी नेनेत्स भाषेत 'मात्' असा शब्द आहे, न्गानासान भाषेतही त्या जागी एकच स्पर्श उरला आहे. मात्र कामस भाषेत 'मुक्तु' असे रूप होते. अर्थात मूळ सामोयेदी भाषेतील 'क्त' हा संयोग सेल्कुप व कामस यांनी जतन केला आणि उत्तरेकडील भाषांनी तो सोडून दिला. 'पाच' या शब्दातही सेल्कुपमध्ये 'म्प' टिकून आहे, तर नेनेत्स 'साम्ल्याङ्क' या रूपात मधला 'प' लोप पावला आहे. संयोगांच्या बाबतीत सेल्कुप ही जुने धन राखून ठेवणारी भाषा आहे, असे यावरून म्हणता येते.

शब्दारंभी संयोग नसतो हा नियम मात्र बोलीनिरपेक्ष मानता येत नाही. 'मासा' या अर्थाचा शब्द ताझ बोलीत 'क़ेलि' असा आहे. दक्षिणेत तोच 'क़्वेल्' असा आढळतो. फिनी 'काला' व नेनेत्स 'खाल्या' हे त्याचे सजातीय शब्द. आता हा 'क़्व' एक व्यंजन की दोन? ओठांच्या गोलाईसह उच्चारलेले एकच व्यंजन मानल्यास जुना नियम अबाधित राहतो. संयोग मानल्यास दक्षिणेत तो मोडला असे म्हणावे लागते. नियमाची रक्षा व्हावी म्हणून 'क़्व' ला एक व्यंजन ठरविणे हे नियमाचे समर्थन नव्हे, ती केवळ त्याची पुनरुक्ती होय. निर्णय भाषेतील इतर पुराव्यावरून व्हावयास हवा, आणि तो प्रत्येक बोलीपुरता स्वतंत्र व्हावयास हवा.

३

ध्वनिनियम चांगला कसा असतो याचा एक नमुना सेल्कुपच्या इतिहासातच आहे. मूळ सामोयेदी 'क' अग्रस्वरापूर्वी आला असता सेल्कुपमध्ये त्याचा 'श' झाला. फिनी 'किएलि' (जीभ) याला सेल्कुप 'शे' हा शब्द जुळतो. फिनी 'क्यू' (सर्प) याला 'श्यू'. 'शित्ति' (दोन) यातील 'श' देखील असाच 'क' पासून आलेला आहे. पश्चस्वरापूर्वी मात्र तोच 'क' मागे सरून 'क़' झाला. 'क़ेलि' किंवा 'क़ुप' (माणूस) ही त्याची उदाहरणे. नियमाला अट आहे, आणि अट सांगितल्यामुळे एकाच मूळ ध्वनीची दोन रूपे सयुक्तिक ठरतात.

परंतु मग 'कोत्' (दहा) आणि 'केसि' (लोखंड) या शब्दांचे काय करावयाचे? दोहोंत 'क' नंतर अग्रस्वर आहे. पहिल्यातील स्वर गोल असला तरी अग्रस्वरच आहे. तरीही 'क' चा 'श' झालेला नाही. हे अपवाद आहेत काय? मुळीच नाहीत. न्गानासान भाषेत 'दहा' ला 'बी' व 'लोखंड' ला 'बासा' म्हणतात. हंगेरी भाषेत लोखंडाला 'वाश' हा शब्द आहे. म्हणजे या शब्दांच्या आरंभी मुळात 'व' होता, आणि सेल्कुपमध्ये आरंभीच्या 'व' चा 'क' झाला. हा 'क' नंतरचा आहे. तो अवतरला तेव्हा 'क' चा 'श' करणारा नियम आपले काम संपवून निवृत्त झालेला होता. क्रम उलट असता तर 'कोत्' ऐवजी 'शोत्' असे रूप मिळाले असते.

येथे लेखी इतिहासाचा एक कागदही नसताना दोन घटनांचा पूर्वापरक्रम निश्चित झाला. प्रत्येक नियमाची अट सांगितली, अपवाद वाटणारी रूपे टाकून न देता त्यांना प्रश्न विचारला, म्हणूनच हे शक्य झाले. हा मानदंड हाती धरून आता मुख्य प्रश्नाकडे वळू.

४

ताझ बोलीत पदान्ती अनुनासिक व त्याच स्थानाचा स्पर्श यांची अदलाबदल होते. 'माणूस' हा शब्द 'क़ुम्' असाही ऐकू येतो व 'क़ुप्' असाही. 'कुत्रा' हा 'कानाङ्' असाही व 'कानाक्' असाही. अभ्यासक याला सामान्यतः मुक्त विकल्प म्हणतात. लोकनामांतही हा भेद उमटला आहे. 'सेल्कुप' या नावाचा उत्तरार्ध म्हणजे हाच 'क़ुप्'. केत काठचे लोक स्वतःला जे नाव घेतात त्याच्या अखेरीस 'क़ुम्' येते. एका बोलीतील एका उच्चाराने सर्व समाजाचे शासकीय नाव ठरले.

ही केवळ उच्चाराची लकब असती, तर तिची दखल एका टीपेत आटोपली असती. परंतु सेल्कुपचे कित्येक विभक्तिप्रत्यय एकाच पदान्त व्यंजनाचे असतात, आणि तेथे हा विकल्प थेट व्याकरणात शिरतो. द्वितीयेचा प्रत्यय 'म्', तो 'प्' होतो. षष्ठीचा 'न्', तो 'त्' होतो. आणि अनेकवचनाचा 'त्' हा फिनी भाषेतील अनेकवचनी 'त्' चा सहोदर असूनही 'न्' असा आढळतो. परिणामी 'क़ुमित्' व 'क़ुमिन्' ही दोन्ही रूपे 'माणसाचा' आणि 'माणसे' या दोन्ही अर्थांस वाहिली जातात. अर्थभेद राखण्याचे काम प्रत्ययाकडून निघून वाक्यरचनेकडे जाते. षष्ठ्यन्त पद आपल्या विशेष्यापूर्वी उभे राहते, एवढाच आधार उरतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. 'क़ुम्' या शब्दापुढे स्वरादी प्रत्यय आला की 'म' च राहतो. द्विवचन 'क़ुमोक़ि' असे होते. तेव्हा मूळ 'म' आहे व पदान्ती त्याचा 'प' होतो. अनेकवचनात मात्र मूळ 'त' आहे व त्याचा 'न' होतो. बदल एकाच दिशेने होत असता, तर 'पदान्ती अनुनासिकाचा स्पर्श होतो' असा साधा नियम पुरला असता. तो दोन्ही दिशांनी होतो, त्या अर्थी पदान्ती या दोन वर्गांतील विरोधच मावळला आहे. त्रुबेत्स्कोय यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात ज्याला विरोधाचा लोप म्हटले, त्याचे हे स्वच्छ उदाहरण होय.

परंतु विरोध मावळला असे म्हटल्याने काम संपत नाही. विरोध मावळल्यावर प्रत्यक्षात दोहोंपैकी कोणता ध्वनी निघतो, केव्हा निघतो? पुढील पद अनुनासिकाने सुरू होत असता? स्पर्शाने? विरामापूर्वी? वृद्धांच्या बोलण्यात, कथाकथनात, सावकाश सांगताना? 'मुक्त' हा शब्द या सर्व प्रश्नांचे उत्तर देत नाही. तो ते प्रश्न विचारण्यापासून आपल्याला मुक्त करतो. हा त्याचा दोष होय.

५

भारतीय वाचकाला येथे एका परिचित प्रकरणाची आठवण झाल्याविना राहणार नाही. पदान्त स्पर्शापुढे अनुनासिक आला असता त्याचा अनुनासिक विकल्पाने होतो, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे : 'वाग् नयति' अथवा 'वाङ् नयति'. हा विकल्प मोकाट नाही. पुढे अनुनासिक असावा ही अट त्याला आहे. त्यावर कात्यायनाने आणखी मर्यादा घातली, की पुढे येणारा अनुनासिक प्रत्ययाचा असेल तर व्यवहारभाषेत हा बदल नित्य समजावा. म्हणूनच आपण 'वाङ्मय' म्हणतो, 'वाग्मय' म्हणत नाही. याच दिशेने पॉल किपार्स्की यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले, की पाणिनीचे 'वा', 'विभाषा' व 'अन्यतरस्याम्' हे शब्द, परंपरा मानते तसे, समानार्थी नाहीत. इष्टतर, अनिष्टतर व समबल अशा तीन प्रकारच्या विकल्पांचे ते वाचक आहेत. हे मत सर्वांना मान्य होवो वा न होवो, त्यातील मर्म निःसंशय ग्राह्य आहे : विकल्पालाही प्रत असते, आणि ती सांगणे हे वैयाकरणाचे काम आहे.

सेल्कुपमधील घटना संस्कृतहून वेगळी आहे. तेथे पुढे अनुनासिक असण्याची अट नाही व बदल दुहेरी आहे. साम्य दाखवून नाते जोडण्याचा येथे हेतू नाही. हेतू एवढाच, की विकल्प नोंदविणे ही वर्णनाची पहिली पायरी होय, शेवटची नव्हे.

६

पहिल्या पायरीवर थांबल्याने काय होते, हे हॅले व क्लेमेंट्स यांच्या १९८३ च्या ध्वनिविचारविषयक प्रश्नसंग्रहावरून दिसते. त्यात सेल्कुपच्या आघाताचा प्रश्न आहे : शब्दातील सर्वांत शेवटच्या दीर्घ स्वरावर आघात पडतो, दीर्घ स्वर नसेल तर पहिल्या अक्षरावर. हा नियम सुबक आहे, आणि पुढील सैद्धान्तिक ग्रंथांतून सेल्कुपचे नाव याच एका नियमामुळे सर्वत्र पोहोचले. ही प्रसिद्धी योग्यच आहे. पण त्या उदाहरणांत 'माणसे' हा शब्द नकारान्त छापलेला आहे. आघाताचा अभ्यास करणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. तो 'न्' अनेकवचनाचा प्रत्यय समजून पुढे जातो. विकल्पाच्या दोन रूपांपैकी एक छापले गेले, दुसरे गळाले. आणि जे छापले गेले ते मूळ प्रत्ययाचे रूपही नव्हे. मूळ वर्णनकारांनी जे परिश्रमपूर्वक नोंदविले, ते उद्धरणांच्या प्रवासात असे नाहीसे होते.

लिपीचेही असेच आहे. सेल्कुपसाठी १९३० च्या दशकात प्रथम लॅटिन व नंतर सिरिलिक वर्णमाला योजली गेली. शाळेच्या पुस्तकाला 'म' अथवा 'प' यांपैकी एक अक्षर निवडावेच लागते. त्यावाचून शिकविता येणार नाही. म्हणून हा दोष लिपीकाराचा नव्हे. पण छापील अक्षराला भाषेचा पुरावा मानणारा अभ्यासक मात्र दोषी ठरतो.

२०१० च्या रशियन जनगणनेत सेल्कुप म्हणून नोंदलेल्यांची संख्या ३,६४९ होती. भाषा जाणणारे त्यांपैकी सुमारे एक हजार. त्यांतील बहुसंख्य उत्तरेकडील आहेत. दक्षिणेकडील बोली जवळजवळ मावळल्या आहेत. वर ज्या कामस भाषेचा 'मुक्तु' हा शब्द साक्षीस घेतला, तिच्या अखेरच्या भाषिकेचे १९८९ मध्ये निधन झाले. पदान्ती नेमके काय ऐकू आले, हे तिला आता विचारता येत नाही. जे ध्वनिमुद्रित झाले तेवढेच शिल्लक.

म्हणून निष्कर्ष असा. सेल्कुपच्या संयोगांचे व 'व', 'क', 'श' यांच्या कालक्रमाचे ज्ञान दृढ आहे, कारण तेथे प्रत्येक विधानाला अट जोडलेली आहे. पदान्त विकल्पाचे ज्ञान अद्याप तसे दृढ म्हणता येत नाही, कारण तेथे अटीच्या जागी 'मुक्त' हे विशेषण बसविले आहे. मृत मूळभाषेचे नियम भगिनीभाषांच्या तुलनेने केव्हाही पुन्हा तपासता येतील. जिवंत बोलणाऱ्याच्या मुखातील विकल्प मात्र तो बोलत आहे तोवरच तपासता येतो. सेल्कुपच्या अभ्यासात आता कशाला अग्रक्रम द्यावयाचा, हे यावरून ठरावे.